शेवरीखालचा पाहुणा

"सायबाला सावली बदलीच्या आदी पायजे. झाडाला कोन सांगनार बदलीचं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर माळीमामा आईला विचारत होते. आत मी पुस्तक उघडून बसले होते, म्हणजे ऐकत होते.

तारापूरचं वीजकेंद्र तेव्हा उभं राहत होतं आणि पप्पा तिथे इंजिनिअर होते. बोईसरच्या आमच्या क्वार्टरपुढे नुसतं तापलेलं अंगण होतं. आईला तिथे बकुळ हवी होती. पप्पा म्हणाले, बकुळीची सावली पडेपर्यंत आपण चौथ्या गावी असू. भराभर वाढेल ते लावा. शेवरी ठरली.

मामा शिरगावचे. आयुष्यभर पानमळ्यात राबलेले. तिथे आधी शेवरी वाढवतात आणि मग तिच्या आडोशाला नागवेल लावतात. हाताला तेच वळण. त्यांनी शेवरी लावली, ती डोक्यावर गेल्यावर तिच्या बुडाशी गुपचूप बकुळीचं रोप खोचलं आणि वर पाहिलं, तर खिडकीत मी.

"बोलू नका, ताई. तुमाला ते चांगलं जमतं."

जमायचंच. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं, म्हणून चार लोकांत मी तोंडच उघडत नसे.

मामा मात्र चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता थापा मारायचे. हे काय उगवलंय, असं पप्पांनी विचारलं तेव्हा ते रोप किडीला चकवायला लावलेलं होतं. पुढच्या खेपेला मामांना ही थाप आठवली नसावी. "शेवरीचा पावना हाय, सायेब. ऱ्हाईल चार दिस." यंत्राचा स्क्रूनस्क्रू ओळखणारे पप्पा मान डोलवायचे. वर्षभरातच ते रविवारी शेवरीखाली खुर्ची टाकून चहा घेऊ लागले, आणि पाहुण्याला लागू नये म्हणून पाय आवरून बसायचे.

दर दिवाळीला मामा मला अनवाणी बकुळीशेजारी उभं करत. पहिल्या वर्षी ती घोट्याच्या जरा वर होती, दुसऱ्या वर्षी गुडघ्याला. "दोगी सारख्या. आवाज नाय, पन वाडतात."

तिसऱ्या पावसाळ्यात वाऱ्याने शेवरी मधोमध मोडली. पप्पांनी मामांना बोलावलं. बुंधा काढा, नवी शेवरी लावा, आणि हा पाहुणाही उपटा, फार दिवस राहिला.

मामांनी कोयता उचलला. मी नव्या थापेची वाट पाहत होते. ती आलीच नाही. खरं सांगावं तर दोन वर्षं साहेबांना फसवल्याबद्दल काम जाणार. न सांगावं तर बकुळ. पप्पा म्हणाले, "मामा, ऐकलंत ना?"

मी पायरी उतरून अंगणात आले. अनवाणीच. मग मामांसारखाच चेहरा कोरा ठेवून म्हणाले,

"पप्पा, पाहुणी शेवरी होती. ही बकुळ आहे. मामांना मीच लावायला सांगितली होती."