पिठाचं उदाहरण

ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी ओतलं की जो वास उठतो, त्याने अजूनही माझी मान खाली जाते. सेनगावजवळच्या आमच्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवत होतो. आदल्या दिवशी भूकंपाच्या धक्क्याने छपराचे पत्रे वाजले होते, म्हणून मी फळ्यावर पृथ्वीचे थर काढले आणि सांगितलं, की फार खोलवरचा दगड घट्टच असतो, तरी हळूहळू सरकतो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "सर, मंग त्या दगडात पानी असंल." मी विचारलं, "काहून?" "कोरडं पीठ जागचं हालत न्हाई. जरासं पानी मुरलं की सरकतं. दगडाचंबी तसंच असंल." मी हसलो. म्हटलं, "मावशी, तुमी खिचडीकडं बघा." सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावर त्यांची पोरगी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग तीही हसली. मावशींनी ते पाहिलं, पदराला हात पुसले आणि त्या चुलीकडे गेल्या. दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं, की तितक्या खोलवरच्या खनिजांत खरंच किंचित पाणी मुरलेलं असतं आणि त्याने दगड मऊ पडतो, कमी उष्णतेत वितळतो. तेव्हापासून मी वर्गात पिठाचंच उदाहरण देतो. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकाने विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कुठून?" खिडकीबाहेर मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "सुचलं असंच."