जाधव गुरुजींची मोटरवाली करवत

लोकांच्या पडवीत धूळ साचते, जाधव गुरुजींच्या पडवीत किस्से साचतात. आम्ही तिघं रिटायर माणसं तिथे मोटरवर चालणारी करवत बनवायला बसलो, तेव्हापासून तर केर काढायलाही उसंत नाही.

गुरुजी मंडणगडकडचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मांडवीत घर केलं. त्यांच्या मूळ गावच्या विहारात पुस्तकांसाठी कपाट हवं होतं, आणि आमच्याकडे गावाचा निर्णय गावात होत नाही, गावमंडळाच्या मुंबई शाखेत होतो. मुंबईचे अध्यक्ष म्हणाले, "लोखंडी पाठवतो." गुरुजी भर मीटिंगमध्ये उठले. वडिलांनी लावलेला फणस वादळात पडला होता, त्याच्या फळ्या त्यांनी जिवापाड जपलेल्या. "वडिलांच्या फणसाचं कपाट मी माझ्या हातानं करीन. बुद्धपौर्णिमेला विहारात असेल." टाळ्या पडल्या. हातकरवतीनं खांदा दुखतो आणि सुताराकडे गेलं तर शब्द फिरतो. म्हणून आधी यंत्र, मग कपाट!

वायरिंग तांबेंकडे दिलं, कारण ते वीज कार्यालयातून निवृत्त. तिथे ते बिलाच्या खिडकीत बसायचे, ही किरकोळ बाब होती. मी बँकेतला, म्हणून सल्लागार.

* * *

मोटर हवी होती. गुरुजींनी वहिनींच्या वॉशिंग मशीनची काढली. "नुसती बघायला काढलीय," असं ते म्हणाले तेव्हा मशीनमध्ये भिजलेल्या चादरी होत्या.

वहिनी भांडल्या नाहीत. त्यांनी मागच्या दारी कपडे धुवायच्या धोंडीवर साबण आणि बादली ठेवली. "करवत होईस्तोवर हेच मशीन, आणि मोटर तुम्ही."

गुरुजींचा खांदा पहिल्या आठवड्यातच मोकळा झाला. पण आता हातकरवतीचं नाव काढायची कुणाची हिंमत?

* * *

गुरुजी हाडाचे मास्तर. सेफ्टी म्हणून त्यांनी हजेरी सुरू केली. बटण दाबण्याआधी आणि बंद केल्यावर सगळ्यांनी हात वर करायचे.

"तांबे?"

"सगळी बोटं हजर, गुरुजी."

एकदा तांबे हजेरी न देताच लघवीला गेले. परत आल्यावर गुरुजींनी त्यांना पडवीच्या दारातच उभं केलं. तांबे साठी उलटलेले, नातवंडांचे आजोबा. निमूट उभे राहिले.

* * *

पहिली ट्रायल मुंबई शाखेला व्हिडिओ कॉलवर दाखवायची ठरली. मोटर सुरू झाली, पातं गरगरलं, लाकूड काही कापेना. नुसता धूर निघाला.

"लाकूड चिवट आहे," तांबे म्हणाले. "व्होल्टेज कमी आहे," मी म्हणालो, कारण सल्लागारानं काहीतरी म्हणायचं असतं. पातंच उलटं बसवलं होतं. दात मागे तोंड करून बसले होते, आमच्यासारखेच.

फोनमधून अध्यक्षांनी विचारलं, "गुरुजी, धूर कसला?"

"अगरबत्ती लावलीय, साहेब."

* * *

पातं सरळ झालं, तर टेबल हलायला लागलं. गुरुजी म्हणाले, यंत्राला वजन हवं. प्लायवूड काढून फणसाच्या फळीचं टेबल केलं. मग त्याला शोभतील असे पाय केले. मोटर ठेवायला खाली एक रुंद फळी केली. लाकूड सरळ सरकवायला पट्टी केली. उरलेल्या फळ्यांवर ट्रायल घेतल्या.

करवत काय झाली! लोण्यासारखं लाकूड कापायची. तांबेंनी हात झटकले. "चला, आता कपाटाच्या फळ्या आणा."

गुरुजी भुशाच्या ढिगाकडे बघत राहिले. आम्हीही बघितलं. त्या दिवशी हजेरी झाली नाही.

* * *

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मोटर काढली, पातं काढलं, टेबलाला पॉलिश केलं. टेम्पोत मंडणगडपर्यंत ते टेबलाला धरून बसले. मला फार वाईट वाटलं. सगळ्या गावासमोर वडिलांचं नाव घेऊन दिलेला शब्द होता तो.

विहारात मोटरच्या फळीवर पुस्तकं रचली. वरची फळी मात्र रिकामीच, आणि मधोमध पात्याची लांब फट.

सकाळी पांढऱ्या कपड्यांत सगळं गाव आलं. मुंबईचे अध्यक्ष टेबलाभोवती फिरले. लाकडावरून हात फिरवला.

"फणस?"

"वडिलांचा," गुरुजी म्हणाले.

अध्यक्षांचं बोट फटीवर येऊन थांबलं. गुरुजींनी खुलासा करायला तोंड उघडलं. तोवर अध्यक्षांनी खिशातून नोट काढली, घडी घातली, फटीत सोडली आणि हात जोडले. त्यांच्या मागे मुंबई शाखेची रांग लागली, तिच्या मागे गावाची.

गुरुजींचं तोंड उघडंच होतं. वहिनी वाकून टेबलाखाली बघून आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या,

"भावोजी, खाली डबा तरी ठेवा कुणीतरी."