चित्रातलं अंडं

दहा-बारा वर्षांपूर्वी मी ओमानमधल्या इब्री गावात एका फ्रेमच्या दुकानात कामाला होतो. दिवसभर सर्टिफिकेटं आणि कुराणातल्या आयती फ्रेम करायच्या. एक दिवस कॉलेजात इंग्रजी शिकवणारी एक मॅडम स्वतः रंगवलेला कॅनव्हास घेऊन आली. मूळची कोलंबियाची. तिचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून तिकडे नेलेले, हे तिनंच मागे एकदा सर्टिफिकेट फ्रेम करायला आली तेव्हा सांगितलं होतं. माझा काही विश्वास बसला नव्हता. तिकडच्या बायका गोऱ्या असतात असं माझं ठाम मत, आणि ही तर काळी, तेव्हा ही नक्की काहीतरी लपवतेय.

चित्रात एक काळी मुलगी सुटकेसवर डोळे मिटून बसली होती. तिच्या डोक्यावर एका म्हाताऱ्या बाईचा हात, आणि त्या हातात अंडं.

मी हात चटकन मागे घेतला. आमच्या कोकणात तिठ्यावर अंडं-लिंबू दिसलं की माणूस वाट बदलतो. कुणाच्या तरी अंगावरून उतरवलेलं असतं ते. इथे तर जादूटोण्याचा नुसता संशय आला तरी अर्बाब, म्हणजे दुकानाचा अरब मालक, मला पहिल्या विमानात बसवेल, याची मला खात्री होती. कॅनव्हास मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून बसायची माझी छाती झाली नाही.

ती न्यायला आली तेव्हा म्हणालो, "सॉरी मॅडम, फ्रेमची पट्टी खलास."

तिनं माझ्या मागच्या पट्ट्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "खरं सांगा."

करणीला इंग्रजी शब्द पटकन सुचेना. शेवटी 'ब्लॅक मॅजिक' म्हणालो, तेही तिच्या तोंडावर.

"ती मुलगी मी आहे," ती म्हणाली. "घर सोडलं त्या दिवशी आईनं माझ्यावरून अंडं फिरवलं. परक्या देशात कुणी वाईट नजरेनं बघू नये म्हणून."

मी मस्कतला निघालो तेव्हा आईनं मला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या. त्या चुलीत तडतडल्या तेव्हा कुठे तिनं मला उंबरा ओलांडू दिला. माझी बॅगही शेजारीच होती.

मला लाज वाटली. "ठेवा मॅडम. उद्या नक्की देतो."

"नको." तिनं कॅनव्हास उचलला. "आईनं अंडं फिरवलं, ते तुमच्यासारख्यांपासूनच वाचवायला."