सर्व्हाइव्ड बाय : समस्त तालीम मंडळ

इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात इंग्लिश किती शिकलो ते विचारू नका. किस्से मात्र पोतंभर जमलेत! आमचा क्लास भरतो तालमीच्या माडीवर. खाली पोरं शड्डू ठोकतात, वर आम्ही इंग्लिश. शिरगुप्पे सर रिटायर्ड हेडमास्तर. फुकट शिकवतात, म्हणून हक्कानं रागावतात. त्यांनी एक ‘सर्व्हाइव्ह’ शब्द शिकवला आणि आमच्या गल्लीची वाट लागली.

*

“सर्व्हाइव्ह म्हणजे संकटातून जिवंत वाचणे,” सर म्हणाले. “जहाज बुडालं, खलाशी सर्व्हाइव्ह झाला.”

“कोल्हापुरात कुठलं आलंय जहाज, सर?” मेस चालवणाऱ्या हौसाक्कांनी विचारलं.

“बरं, पुराचं वाक्य करा.”

“पुराचं काय करायचं? घरात पाणी आलं की आमी माडीवर चढतो अन् भाकऱ्या बडवतो!”

अक्कांना त्यात संकटच दिसेना. शेवटी बऱ्याच विचारानं त्यांनी वाक्य केलं, “माय हजबंड सर्व्हाइव्ह्ड हिज मदर्स कुकिंग. देन आय केम.”

सरांनी फळा पुसला.

*

“कुणी ‘हाऊ आर यू’ विचारलं की नुसतं ‘फाइन’ काय म्हणता?” सर म्हणाले. “हल्ली लोक गमतीनं ‘जस्ट सर्व्हाइव्हिंग’ म्हणतात.”

हे सचिननं पाठ केलं. त्याचं लग्न जमत नव्हतं, म्हणून तर तो क्लासला आला होता. गारगोटीहून मुलीचे वडील घर बघायला आले. शाळामास्तर माणूस. त्यांनी कौतुकानं विचारलं, “हाऊ आर यू?”

सचिन ताठ बसून म्हणाला, “जस्ट सर्व्हाइव्हिंग!”

पावण्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मध्यस्थाकडं वळले. “तुमी तर म्हणालता, चार म्हशी हायत!”

सचिन अजून क्लासला येतो.

*

बापूचं डिजिटल बोर्डचं दुकान. गल्लीत बारसं असो की बारावं, फ्लेक्स बापूचा आणि खाली गॉगल लावलेल्या पोरांचे फोटो. माणूस गेल्यावर मागं कोण राहिलं, ते इंग्लिश पेपरात ‘सर्व्हाइव्ड बाय’ लिहून छापतात, असं सरांनी सांगितलं. बापूला ते फारच आवडलं. लगेच गल्लीतले एक आजोबा गेले. चौकात फ्लेक्स लागला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली. सर्व्हाइव्ड बाय’, आणि खाली अख्खं तालीम मंडळ, गॉगलसकट! आजोबांचा सख्खा मुलगा शोधायला भिंग लागलं असतं.

सर भडकले. “बापू, यात फक्त घरची माणसं येतात!”

“मग मंडळ काय भायेरचं हाय व्हय?”



*

मग सरांनाच अटॅक आला.

सरांना मागंपुढं कुणी नाही. बाई केव्हाच गेल्या, मूलबाळ नाही. ऑपरेशन चालू असताना आम्ही क्लासवाले दवाखान्याच्या जिन्यावर बसून होतो. हौसाक्कांनी आणलेला डबा कुणी उघडला नाही. मी तर पार घाबरलो होतो. तेवढ्यात कुणीतरी गल्लीत फोन करून ‘सर गेले’ म्हणून सांगितलं. बापू दुकानातच होता. त्यानं रडत रडत मशीन चालू केलं.

सर वाचले! डिस्चार्ज घेऊन येताना चौकात त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. वर त्यांचाच हसरा फोटो. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वर बापूनं घाईघाईनं एक पट्टी चिकटवली होती, ‘हार्दिक अभिनंदन’. त्याखालचं ‘सर्व्हाइव्ड बाय’ मात्र तसंच होतं. हौसाक्का, सचिन, बापू, मी आणि समस्त मंडळ.

सर एकेक नाव वाचत राहिले. चष्मा पुसला, परत पहिल्यापासून वाचलं. आम्ही सगळे शिव्या खायच्या तयारीत उभे होतो.

“बापू,” सर म्हणाले, “हा फ्लेक्स मला दे. घरी ठेवतो.”

“ठेवा की, सर,” दोरी सोडवत बापू म्हणाला. “जपून ठेवा. वरची पट्टी निघती.”