उघडून राहिलेली गल्ली

नत्थुजी टोपीवाल्यांना दोन गोष्टी उत्तम जमत, टोपी शिवणं आणि हट्ट धरणं. अमरावतीच्या परकोटाच्या आत, कमानीच्या गल्लीत, वडिलांच्या वेळेपासूनचं त्यांचं दुकान. पण साठ साल उजाडेपर्यंत गिऱ्हाईक स्टेशनाकडच्या नव्या बाजारात पांगलं आणि गल्लीतली निम्मी दुकानं बंद पडली. त्यांचा मुलगा चंद्रभान त्या नव्या बाजारातच कापड विकायचा. "बाबा, दिवाळीले हे दुकान बंद करू. तिकडं चला," असं त्यानं बजावलं होतं. तेव्हापासून म्हाताऱ्याला अन्न गोड लागेना.

बंद दुकानं बहुतेक बापूसाहेब वकिलांची. नत्थुजींनी त्यांच्या ओसरीवर ठाणच मांडलं. जो चालवील त्याला किल्ली द्यायची, हे वकीलसाहेबांनी अखेर वैतागून कबूल केलं.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचे पुण्याहून आलेले नवे साहेब गल्ली बघायला आले, तेही नेमके बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी. ओसाड गल्लीला विजेचे खांब द्यायचेच कशाला, असा त्यांचा सवाल होता.

"एरवी तरी दुकानं उघडी असतात का?"

"सारे उघडून राह्यले, साहेब," नत्थुजी म्हणाले.

"असं? मग सोमवारी येतो. उघडी दिसली तर खांब मंजूर."

साहेब गेले आणि शेजारीच उभ्या असलेल्या बापूसाहेबांनी कपाळावर हात मारला. ते वकिलीचं शिक्षण पुण्यात घेऊन आलेले. "नत्थुजी, तुम्ही सांगितलं की उघडताहेत. त्यांनी ऐकलं की उघडलेलीच आहेत."

"मंग सोमवारपावतर खरं करू," नत्थुजी म्हणाले.

पहिली किल्ली शिंपीकाम करणाऱ्या धर्मपालनं मागितली. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतलेला. त्याआधी या गल्लीत त्यांना ओट्यावरही चढू देत नसत, आणि ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नव्हे. आताही काहींच्या कपाळाला आठ्या पडल्याच. नत्थुजी झाडू घेऊन निघाले, तर धर्मपालनं तो हातातून काढून घेतला. "द्या इकडं. दुकान माहं हाये."

त्याला झाडताना पाहून बाकीचेही उठले. कुणी चुना कालवला, कुणी गंजलेल्या कड्यांना तेल दिलं. गल्लीतल्याच पार्वताबाईंनी तर घरातले पापड-कुरडया आणून एक ओटाच अडवला. आठ्या साऱ्यांच्याच गेल्या असं नाही, पण कुणी घरी बसलं नाही.

सोमवारी साहेब आले ते गर्दीत अडकले. पार्वताबाईंचे पापड घेऊन, खांब मंजूर करून गेले. नत्थुजींना इतका आनंद झाला की टोपी विकायचंच विसरले.

दिवाळीच्या तोंडावर चंद्रभान हातगाडी घेऊन वडिलांचं सामान न्यायला आला. गर्दीमुळे गाडी आत शिरेना. कमानीपाशी सोडून तो दोन्ही बाजूंची उघडी दुकानं बघत ओट्याशी चालत आला.

"बाबा, इथं एखादं दुकान रिकामं हाये का?"

"नाई," नत्थुजी म्हणाले आणि मशीन थोडी बाजूला सरकवली. "माह्या बाजूले तुहा कापडाचा गठ्ठा मांड."