लिलाववाल्याची हातोडी

लिलाववाल्याचा आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतल्या बहिऱ्यालाही बोली लावावीशी वाटे. निम्म्या गावाच्या घरांत त्याच्या जिभेपायी आलेलं एखादं नको असलेलं कपाट उभं होतं, आणि त्यावरून नवराबायकोत अजून धुसफूस चाले. घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा गाठीबरोबर तो आवाजही गेला.

लेक कॉम्प्युटरवाली. तिने रजा काढून बाबांसाठी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. त्यांनी वाक्य टाईप करायचं, एंटर दाबायचा, की टेबलावरचा स्पीकर ते बोलून दाखवणार. आवाज मात्र बँकेत नंबर पुकारणाऱ्या बाईचा.

"उशिरा का होईना, या घरात गोड बोलणं आलं," आई म्हणाली. ते ऐकून बाबा पोट धरून हसले, बिनआवाजी.

मग प्रोग्राम मधेच बंद पडायला लागला. स्क्रीनवर प्रत्येक वेळी तीच तक्रार, ईओएफ एरर. म्हणजे प्रोग्राम पुढची ओळ वाचायला बसलाय, आणि समोरून कळतंय की आता काही यायचं नाही, संपलं. लेकीने कीबोर्डची वायर बदलली, प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला. कशातच खोट सापडेना. रजा तर संपत आलेली. आपण गेल्यावर हे बंद पडलं तर बाबा पुन्हा मुके!

शेवटी तिने पळवाट काढली. एरर आली तरी बंद पडायचं नाही, "हं, पुढे बोला" म्हणायचं आणि पुन्हा वाट पाहायची.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. गाठ परत आली होती, डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं होतं, आणि आत्या तेच लावून धरत होती. "दादा, नाही म्हणू नकोस. माझ्या जावेच्या भावाने तीन करून घेतली!"

"हं, पुढे बोला," स्पीकर म्हणाला.

आत्याला काय, तेवढंच हवं होतं! जावेच्या भावावरून ती त्याच्या सासऱ्याच्या मूळव्याधीपर्यंत पोचली. स्पीकर तिला पुन्हा पुन्हा आग्रह करत राहिला. बाबांनी कीबोर्ड दूर सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यांनी एक अक्षर टाईप केलं नाही.

लेक त्यांच्यापाशी बसली. ऑफिसात कुणाची तक्रार आली की ती पहिल्यांदा विचारायची, तुम्ही नेमकं काय दाबलंत? घरात तेवढंच राहून गेलं होतं.

"बाबा, ते बंद पडायचं तेव्हा तुम्ही काय दाबत होता?"

त्यांनी कीबोर्ड ओढला. एक बोट कंट्रोलवर, दुसरं डीवर. या दोन कळा एकदम दाबल्या की प्रोग्रामला कळतं, संपलं, आता काही यायचं नाही.

"हं, पुढे बोला," स्पीकर म्हणाला.

बाबांनी टाईप केलं, "पहिल्यांदा चुकून दाबलं. मग बरं वाटलं. ऑपरेशनचं निघालं की दाबायचो. मला ते नको. कुणी विचारलंच नाही."

बँकेतल्या बाईने ते नंबर पुकारावा तसं सांगितलं. लेकीच्या तोंडावर आलं होतं, 'पण बाबा, डॉक्टर म्हणतात...' गेले कित्येक दिवस तीही आत्याच्याच बाजूने बोलत होती. तिने ते गिळलं.

मग तिने कपाटातून त्यांची लिलावाची हातोडी काढली. "एकदा मारा." त्यांनी टेबलावर ठोका दिला, तिने तो रेकॉर्ड केला आणि "पुढे बोला"च्या जागी घातला.

रविवारी आत्या आली, बसायच्या आधीच म्हणाली, "मग दादा, ऑपरेशनचं काय ठरलं?"

स्पीकरमधून ठक्क आवाज आला.

आत्या खुर्चीत बसली. भावाच्या लिलावात ती जन्मभर पहिल्या रांगेत बसली होती. हातोडी पडल्यावरही बोली लावणाऱ्याकडे तो कसा बघतो, हे तिला ठाऊक होतं. तिने पदराने डोळे टिपले, नाक ओढलं.

"बरं," ती म्हणाली, "चहा तरी टाका कुणीतरी."

बाबांनी टाईप केलं, "साखर कमी. हिची जीभ आधीच गोड."

लेक हसली, आणि चहा टाकायच्या निमित्ताने बराच वेळ आतच थांबली.