आप्पांच्या पायावर भरणारी मिटिंग

चहा जरा खाली ठेवा, उगाच ठसका लागेल. शिरूरच्या दवाखान्यात मी स्वतःच्या तोंडाने स्वतःची कशी शोभा करून घेतली, ते सांगतो.

माझे चुलत भाऊ आप्पा. शुगर त्यांनाही, मलाही. पण त्यांच्या पायाला जखम झाली आणि त्यांचं नशीबच उघडलं. दर मंगळवारी केंदूरहून मीच त्यांना गाडीवर घेऊन जायचो. तिथे एका पायाला पाच माणसं. शुगरचे डॉक्टर, जखम बघणारे सर्जन, ड्रेसिंगच्या सिस्टर, खाण्यापिण्याचं सांगणाऱ्या ताई आणि मापाच्या चपला बनवणारे एक काका. पाचही जण त्या पायाभोवती उभे राहून आपसात विचार करायचे. आणि मला? एक गोळी, नि "पुढच्या महिन्यात या." एवढा मान मला माझ्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. जळफळाट झाला हो माझा, खोटं कशाला बोलू?

वर आप्पा गावभर सांगायचे, "माझ्या पायावर मिटिंग भरती."

शेवटी एका मंगळवारी मी सिस्टरांना म्हणालो, "माझंबी पाय बधिर झाल्यात. आप्पांपेक्षा जास्त."

झालं, पाचही जण माझ्याकडे वळले. आप्पांचा चेहरा उतरला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

सिस्टरांनी नायलॉनचा एक बारीक दोरा काढला. "मामा, डोळं मिटा. दोरा टेकलेला कळला की 'हाय' म्हणा."

मी मनाशी ठरवलं, 'हाय' म्हणून म्हणायचंच नाही.

उजव्या पायाला दोरा टेकला. "न्हाई," मी म्हणालो.

पुन्हा टेकला. "न्हाई."

अंगठ्याला टेकला. "न्हाई बा, कायबी न्हाई."

सिस्टर थांबल्या. "मामा, कळत न्हाई, तर मी टेकवते तवाच बरूबर 'न्हाई' कसं म्हणताय?"

सगळे हसले. आप्पा तर खुर्चीसकट हलत होते. "दत्तू, लेका, शाळेतबी तू असाच घावायचास."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "चुकलं. डाव्या पायाचं खरं सांगतो." डोळे मिटून बसलो. बसलो, बसलो, बराच वेळ झाला. मग मीच म्हणालो, "करा की सुरू, सिस्टर."

या वेळी कुणी हसलं नाही.

"मामा, धा ठिकाणी टेकवून झालंय."

डोळे उघडले, तर सर्जन माझी टाच हातात घेऊन बसलेले. आत बाभळीचा काटा मोडलेला, भोवती पू. कधी घुसला, मला पत्ता नाही. दुखत नाही म्हणजे पाय ठणठणीत, असं समजून मी रोज वावर तुडवत होतो. सर्जन म्हणाले, "आणखी आठ दिवस आला नसतात, तर पाय वाचवणं अवघड होतं." माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता मंगळवारी आप्पा मला गाडीवर नेतात. त्यांची जखम भरली. परवा पाचही जण माझ्या टाचेभोवती जमले होते. अगदी मला हवी होती तशीच मिटिंग. पण माझं लक्ष कुठलं तिथे असायला? समोर आप्पा मापाच्या नव्या चपला घालून, स्वतःच्या पायांनी, माझ्यासाठी चहा आणायला चालले होते. आणि मी परत जळत होतो.